नानांना उठवणाऱ्या शेट्येबाई

शेट्येबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसून, मी लिहिलेल्या बेचाळीस पानांवर लाल पेन्सिलीने काट मारत होत्या.

साल अठ्ठ्याण्णव. मी कोल्हापूरकडचा, पुण्यात शिकलेला आणि मुंबईत दोन-तीन वर्षं मेनफ्रेमच्या, म्हणजे कपाटाएवढ्या संगणकाच्या, सान्निध्यात काढल्यामुळे स्वतःला फार शहाणा समजणारा. मी ज्या जहाज कंपनीत होतो तिचे मालक मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांनी सगळ्यांचा विरोध पत्करून कंपनीचं संगणक केंद्र मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आणून ठेवलं होतं. गावाला त्या इमारतीत नेमकं काय चालतं ते ठाऊक नव्हतं. रिक्षावाल्याला कंपनीचं नाव सांगून उपयोग नसे. ‘थंड कारखाना’ म्हटलं, की तो बरोबर फाटकात आणून सोडायचा. आत कपाटांएवढी यंत्रं होती आणि त्यांच्यासाठी बारा महिने थंडी पाडलेली होती.

कोणता खलाशी कोणत्या जहाजावर आहे, कधी उतरणार, त्याच्या जागी कोण चढणार, याचा सगळा हिशोब ते यंत्र ठेवी. जहाजांवरचे निरोप आधी मुंबईच्या ऑफिसात येत आणि तिथून टेलिफोनच्या तारेने आमच्याकडे. त्यात कंपनीचे निरोप असत, तसे खलाशांनी घरच्यांना पाठवलेले चार ओळींचे खाजगी निरोपही असत. पंचाईत अशी, की निरोप यायला आणि आमचं यंत्र बंद असायला एक गाठ पडली, की तो निरोप वाऱ्यावर जाई. म्हणून कंपनीने एक नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते निरोपांना रांगेत उभं करतं. घेणारा झोपलेला असला तरी निरोप रांगेत थांबतो, तो जागा झाला की त्याच्या हातात पडतो. हे सॉफ्टवेअर बसवायचं आणि यंत्र चालू केल्यावर ते कुठल्या क्रमाने, कुठल्या आज्ञा देऊन उठवायचं त्याची पद्धत लिहून द्यायची, एवढ्यासाठी मला पाठवलं होतं. पद्धत मी मुंबईतच लिहून पुढे पाठवली होती. तीच ही बेचाळीस पानं.

“तुम्ही माने?” बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

“हो.”

“हे तुम्हीच लिहिलंत?”

“हो.”

“मुंबईत वेळ बराच मिळतो वाटतं.”

शिडशिडीत बांधा, पन्नाशीच्या आसपासचं वय, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा आणि हंगाम असेल तेव्हा केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसर. थंड खोलीत सगळे स्वेटर घालायचे, बाई नवऱ्याचा जुना कोट घालायच्या. त्यांची पंचवीस वर्षं तारऑफिसात गेली होती. दाभोळ, चिपळूण आणि शेवटी रत्नागिरी. तारा कमी होत गेल्या तशी त्यांनी ती नोकरी सोडली आणि आमच्या कंपनीची जाहिरात बघून अर्ज टाकला. मुलाखतीत त्यांना विचारलं होतं, कम्प्युटरचं काय येतं? त्या म्हणाल्या, “काय नाही. पण निरोप म्हणजे काय ते कळतं.” आमचे केंद्रप्रमुख देवधरसाहेब यांनी त्या एका वाक्यावर त्यांना घेतलं, असं ते स्वतः सांगत.

तारऑफिसाने बाईंना दोन सवयी लावल्या होत्या. एक म्हणजे की-बोर्डकडे न बघता टाइप करणं. बोटं आपली चालू, आणि तोंडाने शेजारच्याशी आंब्याच्या पेटीची चौकशी. दुसरी म्हणजे शब्द मोजणं. बोलताना बाई मोकळ्या होत्या, अघळपघळच म्हणा. पण हातात पेन आलं की प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात अशा बेताने लिहायच्या. त्यांचा रजेचा अर्ज मी पाहिला आहे: ‘भाचीचं लग्न. तीन दिवस. शेट्ये.’ देवधरसाहेबांनी एकदा सुचवलं, की निदान ‘आपली विश्वासू’ तरी लिहावं. त्यावर बाई म्हणाल्या, “साहेब, अठरा वर्षं दाभोळ-चिपळूणला होत्ये, अजून विश्वास लिहून दाखवायचा का?”

तर माझ्या बेचाळीस पानांचा त्यांनी एका पुठ्ठ्यावर सात ओळींचा मजकूर केला. मी रागावलो. मग वाचला आणि जास्त रागावलो, कारण त्यात काही राहिलं नव्हतं. ‘हाक मार. ओ येईस्तोवर गप. ओ आली की पुढच्याला हाक.’ अशी त्याची सुरुवात होती. माझ्या पानांत हेच सव्वीस पानांवर पसरलं होतं. आधी रांगांचा मुख्य कारभारी उठवायचा. तो उठल्याची खूण पडद्यावर दिसली की दुसऱ्या यंत्रांशी तारा जोडणारा भाग उठवायचा. तो उठला की तिसरा, बाहेरून येणारी हाक ऐकणारा भाग. यातला एकही आपल्या वेळेआधी उठवायचा नाही. पुठ्ठा बाईंनी कन्सोलच्या, म्हणजे आज्ञा द्यायच्या पडद्याच्या, वर खिळ्याला टांगला. माझी पानं त्यांनी टाकून दिली नाहीत. पडद्याची उंची त्यांना कमी पडत होती, ती पानांनी भरून काढली.

*

त्या मुख्य कारभाऱ्याला नाव द्यावं लागतं. इंग्रजी चार अक्षरं, जास्त नाहीत. कंपनीच्या मालकांच्या नावाची आद्याक्षरं घ्यावीत असं मुंबईचं मत होतं, पण ती पाच भरत होती. मी एक तांत्रिक वाटणारं नाव सुचवलं. बाई म्हणाल्या, “माने, हे नाव रोज सकाळी फोनवर मुंबईला ओरडून सांगायचंय. लाइनीत खरखर असत्ये. मेलं बी म्हटलं की डी ऐकू येतं. सोपं काहीतरी ठेवा. एन ए एन ए. नाना.”

मला आवडलं. माझे एक काका नाना होते. मी तेच घातलं.

पुढे रोज सकाळी सातला बाईंचा मुंबईला फोन जायचा. तिकडे डिसूझा नावाचे एक ऑपरेटर असत. बाई त्यांना पायरीपायरीने सांगायच्या: “नाना उठले... नानांनी चूळ भरली... नाना ओटीवर येऊन बसले. हां, आता पाठवा काय ते.” डिसूझा वांद्र्याचे. ओटी म्हणजे काय ते त्यांना पहिल्या आठवड्यात समजावून सांगावं लागलं. नंतर तेच आधी विचारू लागले, “ओटीवर आले का?”

पण त्याआधी, रीतसर उद्घाटनाच्या दिवशी, मुंबईहून पाहुणे आले, पेढे आले, देवधरसाहेब सपत्नीक आले. सौ. देवधरांना यंत्र बघायची हौस होती. सगळे कन्सोलभोवती जमले आणि मी ऐटीत आज्ञा दिली. पहिल्या दिवशी व्हायचं तेच झालं. पडद्यावर इंग्रजीत ठळक ओळ उमटली: ‘नाना उत्तर देत नाहीत.’ मी पुन्हा आज्ञा दिली. ‘नाना अजून थांबलेले आहेत.’

सौ. देवधरांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, “अगो बाई, घरी पण हीच तऱ्हा!”

तेव्हा मला कळलं, की देवधरसाहेबांना घरी आणि घराबाहेर, झाडगावापासून थिबा पॅलेसपर्यंत, सगळे नानाच म्हणतात. साहेबांचा चेहरा पेढ्यासारखा झाला. पाहुणे गेल्यावर त्यांनी आम्हाला बोलावलं. “नाव बदला.”

“बदलू की साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण सगळ्या रांगा पुन्हा मांडायच्या, मुंबईलाही सगळं नव्याने लिहायचं आणि मोठं यंत्र बंद करून परत चालू करायचं. मान्यांना विचारा. महिनाभर जाईल.”

मी मान हलवली. ते खरं होतं. साहेबांनी उसासा सोडला आणि नाना राहिले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “बाई, तुम्हाला माहीत होतं?”

“गावात कोणाला माहीत नव्हतं, मेल्या!” असं म्हणून त्या कोट सावरत आत गेल्या.

*

मला मात्र बाईंचं ते पायरीपायरीने हाक मारणं जुनाट वाटे. मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. यंत्र चालू झालं की नानांसकट सगळी मंडळी आपोआप, एकापाठोपाठ उठतील असा. बाईंनी तो पाहिला आणि “हांऽ” एवढंच म्हणाल्या. कोकणात या ‘हांऽ’चे निदान सहा अर्थ होतात. त्यातला एकही होकार नव्हता, हे मला नंतर समजलं.

एका सोमवारी पहाटे वीज जाऊन आली. यंत्र चालू झालं, माझा प्रोग्रॅम पळाला, पडद्यावर नाना उठलेले दिसले. सकाळच्या पाळीला मी होतो; सगळे आपोआप उठतात म्हणून सातचा फोनही केला नाही. एकही लाल ओळ नाही, सगळं शांत. मी चहा घेतला, होणाऱ्या बायकोला पत्र लिहायला घेतलं. दुपारी बाई आल्या, कोट घातला आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, “आज किती निरोप आले?”

मी बघितलं. शून्य.

“सोमवार सकाळ, आणि एकही जहाज बोललं नाही? सगळी एकदम मुकी झाली?”

झालं असं होतं, की माझा प्रोग्रॅम ‘ओ’ची वाट न बघता पुढच्याला उठवत गेला, आणि बाहेरची हाक ऐकणारा तिसरा भाग उठला तेव्हा मुंबईची तार अजून जोडली गेलेली नव्हती. तो उठला, तार नाही असं पाहिलं आणि मुकाट्याने परत झोपला. नाना आत ठणठणीत जागे होते. त्यांना हाक मारायची सोयच उरली नव्हती. मुंबईला सकाळपासूनचे निरोप साठून राहिले होते. डिसूझांना वाटलं आमच्याकडे काही काम चाललंय, मला वाटलं जहाजं निवांत आहेत.

बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी पुठ्ठ्यावर आठवी ओळ लिहिली: ‘सगळे उठले तरी एक निरोप धाड. उत्तर वाच. मगच चहा.’

तो चाचणीचा निरोप काय असावा हेही त्यांनीच ठरवलं. रोज सकाळी बाई रोमन लिपीत मराठीतून डिसूझांना विचारायच्या: ‘आज काय केलंय जेवायला?’ तिकडून उत्तर यायचं: ‘बांगडा.’ किंवा ‘भेंडी, नाइलाज.’ पुढे काही वर्षं हे न चुकता चाललं. मग एकदा मुख्य कचेरीतून तपासणीला एक गृहस्थ आले. त्यांनी निरोपांची यादी काढली आणि ‘सुरमई’, ‘तोंडली’, ‘काल रात्रीचंच’ असे शब्द रोज ठराविक वेळी दोन केंद्रांमध्ये जातात हे पाहून त्यांना घाम फुटला. ही सांकेतिक भाषा आहे असा त्यांचा समज झाला. त्यांनी बाईंना बोलावून बंद खोलीत विचारलं.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “‘टेस्ट’ला ‘टेस्ट’ असं उत्तर यंत्र पण देतं. मला तिकडे माणूस जागा आहे की नाही ते बघायचं असतं. ‘काल रात्रीचंच’ हे यंत्र कसं सांगेल?”

अहवालात त्या गृहस्थांनी लिहिलं, की चाचणीची पद्धत असामान्य परंतु समाधानकारक आहे.

*

आता मे महिन्यातल्या त्या दिवसाबद्दल सांगतो. त्या दिवशी माझं मत बाईंच्या विरुद्ध होतं, हे आधीच सांगून टाकतो.

सकाळी दहाच्या सुमाराला एमआयडीसीतला ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गेला. आमच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या, त्यांनी लगेच मान टाकली. जनरेटर चालू होईपर्यंत यंत्र धाडकन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पण नाना काही उठेनात. हे नाना कुठलाही निरोप हातात घेण्याआधी एका रोजनिशीत टिपून ठेवत, आणि उठल्यावर ती वाचून आपण कुठे होतो ते आठवत. रोजनिशीच्या दोन प्रती असत. त्यातली एक मध्येच फाटल्यासारखी झाली होती. नाना तिथपर्यंत वाचत आणि थांबत.

मुंबईहून मोठ्या साहेबांचा फोन आला. तीन जहाजांवर माणसं बदलायची होती, त्यांचे हुकूम अडकले होते. साहेब म्हणाले, “कोरी सुरुवात करा. जुनी रोजनिशी, जुन्या रांगा, सगळं पुसा आणि नवं चालू करा. अर्ध्या तासात.”

तांत्रिकदृष्ट्या ते शक्य होतं. मीही म्हणालो, “करू या.” देवधरसाहेब कपाळाचा घाम पुसत उभे होते. कन्सोलवर पाळी बाईंची होती.

“रांगेत निरोप किती आहेत?” बाईंनी विचारलं.

“साठ-पासष्ट असतील.”

“कोणाचे?”

“ते आता कसं कळणार, बाई?”

“मग कोणाचे पुसायचे ते तरी कसं कळलं?”

मी म्हणालो, कंपनीचे हुकूम मुंबई परत पाठवेल. बाई म्हणाल्या, “आणि खलाशांचे? तो जहाजावर. त्याला वाटणार आपण कळवलंय. तो कशाला परत पाठवतोय?”

घड्याळ पुढे सरकत होतं, आणि फोनवर साहेब होते. बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. आवाज अगदी नम्र. “साहेब, पुसत्ये. पण एवढं सगळं पुसायचं म्हणजे लेखी हुकूम हवा. पद्धतीत तसं लिहिलंय. फॅक्स करा, आला की लगेच पुसत्ये.”

पद्धतीत तसं काही लिहिलेलं नव्हतं. पद्धत मीच लिहिली होती.

फोन ठेवून बाई माझ्याकडे वळल्या. “माने, दुसरी प्रत धड आहे ना?”

“आहे. पण फाटकी प्रत नाहीच असं नानांना पटवून द्यावं लागेल, आणि मग सगळी दुसरी प्रत वाचायला लावायची. तीन-चार तास जातील.”

“मग बस खाली. फॅक्स यायला वेळ लागेल.”

मी बसलो. बाई मिनिटभर बाहेर जाऊन आल्या. आयुष्यात इतकं जपून मी कधी काही टाइप केलेलं नाही. बाई शेजारी उभ्या राहून प्रत्येक आज्ञा मोठ्याने वाचत आणि उत्तर येईपर्यंत माझ्या हातावर हात ठेवत, मी पुढची कळ दाबू नये म्हणून. देवधरसाहेबांनी दोनदा बाहेर जाऊन फॅक्स आला का ते पाहिलं. नव्हता आला. मुंबईहून फोन आला, की फॅक्स लागत नाही, काय झालंय? बाई म्हणाल्या, “विजेचा घोळ आहे ना साहेब, काय सांगू.” साडेतीनला नाना उठले. पाठोपाठ बाकीचे उठले. आणि रांगेतले निरोप एकामागून एक बाहेर पडू लागले तेव्हा देवधरसाहेब चक्क टाळी वाजवून म्हणाले, “नाना उठले!” स्वतःबद्दल असं म्हणणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

मी पाणी प्यायला बाहेर गेलो तर फॅक्सच्या यंत्राची वायर भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवलेली. मी ती लावली. चार वाजता हुकूम आला.

पुढच्या आठवड्यात बाईंना मेमोही आला. वरिष्ठांच्या आदेशाचं पालन वेळेत का झालं नाही, याचा खुलासा मागवला होता. त्यांचं उत्तर माझ्यासमोर टाइप झालं: ‘आदेश चारला मिळाला. निरोप साडेतीनला गेले. पुसायला उरलं नाही. शेट्ये.’ त्यानंतर मुंबईने काही विचारलं नाही. उलट काही महिन्यांनी सगळ्या केंद्रांसाठी नवी पद्धत आली. तिच्यात एक लांबलचक इंग्रजी वाक्य होतं, त्याचा अर्थ असा, की आत काय आहे याची यादी काढल्याशिवाय कोरी सुरुवात करू नये. खाली सही मोठ्या साहेबांची होती. बाईंनी वाचलं, म्हणाल्या, “एकोणीस शब्द. दहात झालं असतं.”

*

पण त्या दिवसाचं खरं काम चारनंतर झालं. ज्या निरोपाचा पत्ता जुळत नाही, तो वेगळ्या रांगेत जाऊन पडतो. इतर केंद्रांत ती रांग महिन्याकाठी बघत आणि रिकामी करत. बाई रोज बघायच्या. त्या दिवशी तिच्यात एक निरोप होता. जहाजावरच्या कोणीतरी आपल्या घराला कंपनीने दिलेला कोड लिहिताना आकडा चुकवला होता, म्हणून यंत्राने तो नाकारला होता. मजकूर रोमन लिपीत: ‘पाय मोडला. दवाखान्यात आहे. ठीक आहे. आयेस सांगू नको. दत्ता.’ खाली दवाखान्याचा फोन नंबर.

दत्ता नावाचे आमच्याकडे सात खलाशी होते. बाईंनी मिनिटभर विचार केला. “हा मिरकरवाड्याचा डोर्लेकर. सुगंधाचा नवरा. ती दर मंगळवारी फाटकावर येऊन विचारून जात्ये, गेले दोन मंगळवार तिला नाही म्हणून सांगितलंय.” मग यादीत जहाज ताडून पाहिलं. तोच होता. “माने, स्कूटर काढ.”

“फोन करू ना शेजाऱ्यांकडे.”

“पाय मोडल्याचं फोनवर सांगतात? काढ स्कूटर.”

मिरकरवाड्यात सुगंधा जाळ्यांच्या ढिगाजवळ मासळी निवडत होती. बाईंना कोटात पाहून तिच्या हातातली टोपली खाली गेली. तारऑफिसाची बाई दारात येणं म्हणजे काय, हे तिथल्या जुन्या माणसांना माहीत होतं. बाईंनी लांबूनच ओरडून सांगितलं, “जिवंत आहे गो! ठीक आहे! आधी बस, मग वाच.”

सुगंधाने कागद वाचला, आणि पहिला शब्द काढला तो असा: “मेल्यान पाय मोडलान! आनि सांगतो काय, आयेस सांगू नको!”

तिची सासू तिच्या पाठीशीच उभी होती. “काय सांगू नको?” तिने विचारलं. मग दोघींचं एकदमच सुरू झालं. दत्ताला जेवढ्या शिव्या ऐकवता येतील तेवढ्या ऐकवून झाल्या आणि सुगंधा मासळीच्या पेटीवर मटकन बसून रडायला लागली. बाई तिच्या शेजारी बसल्या. मी स्कूटरचं हँडल धरून उभा होतो. सकाळी मी “करू या” म्हणालो होतो, ते माझं मला ऐकू येत होतं.

निघताना सुगंधाने दोन सुरमया पुढे केल्या. बाई म्हणाल्या, “निरोपाचं काही घेत नाही. नेम आहे.” सुगंधाने मान डोलावली. मासे तिने माझ्या स्कूटरच्या डिकीत टाकले होते, हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. पुढे महिनाभर तरी माझ्या स्कूटरवर कोणी मागे बसायला तयार नव्हतं.

परतताना बाईंनी मांडवीला थांबवलं. गाडीवर कोकम सरबत घेतलं. जेट्टीकडे बघत त्या सहज सांगावं तसं म्हणाल्या, “दाभोळला होत्ये तेव्हाची गोष्ट. वादळात लाइन खराब. एक तार आली, अक्षरं जुळेनात, पत्ता अर्धा. दोन दिवस ठेवली आणि टाकून दिली. नवीन होत्ये. गर्दी होती.”

“कोणाची होती?”

“तेच ना. कोणाची होती ते कधी कळलंच नाही. कळलं असतं तर जाऊन त्यांची बोलणी तरी खाल्ली असती.” त्यांनी ग्लास गाडीवर ठेवला. “मीठ जास्त घातलंन यानं. चल.”

 

*

पुढे काही वर्षांनी कंपनीने रत्नागिरीचं केंद्र बंद केलं. काम मुंबईला गेलं. शेवटच्या दिवशी बाईंनी सगळं उलट्या क्रमाने झोपवलं. रांगा रिकाम्या आहेत हे दोनदा पाहिलं. शेवटची कळ देवधरसाहेबांनी दाबावी असा त्यांचा आग्रह होता. साहेब म्हणाले, “मीच मला झोपवू?” पण दाबली. मग सगळे पंखे थांबले आणि खोलीत इतकी शांतता झाली, की बाहेर आंब्याच्या पेट्या ठोकल्याचा आवाज ऐकू आला. मी मुंबईला गेलो. बाई निवृत्त झाल्या. दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं: ‘शुभ. शेट्ये.’

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. मी एसटीने कोल्हापूरला चाललो होतो. पालीला गाडी थांबली. खिडकीतून पाहतो तर रस्त्यापलीकडे काजूच्या कलमांनी भरलेला एक टेम्पो उभा, आणि हौद्यात कलमांच्या मध्ये, छत्री उघडून, शेट्येबाई. केस पांढरे झाले होते. ड्रायव्हरशी कशावरून तरी वाद चालला होता आणि वाद त्या जिंकत होत्या. मी उतरायला हवं होतं. कंडक्टरने घंटी दिली, मांडीवर डबा उघडा होता, शेजारी मुलगी झोपलेली. नाही उतरलो.

आमची गाडी हलली तेवढ्यात टेम्पोही निघाला. खड्ड्यात चाक जाऊन एक कलम रस्त्यावर पडलं. बाईंनी छत्रीच्या दांड्याने केबिनवर ठोकून टेम्पो रस्त्यातच थांबवला, तशी आमची गाडीही अडकली. ड्रायव्हर उतरेना, म्हणून त्या स्वतः, सत्तरीकडे झुकलेल्या, चाकावर पाय ठेवून खाली उतरल्या. पिशवी फुटली होती. सांडलेली माती त्यांनी दोन्ही हातांनी गोळा करून मुळाशी दाबली आणि पदराचं टोक फाडून मुळाभोवती गाठ मारली. मग कलम काखेत धरून पुन्हा वर चढल्या. बाकीच्या कलमांत न ठेवता त्यांनी ते मांडीवर घेतलं, छत्री त्याच्यावर धरली, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या ते ओठांवरून मला स्पष्ट कळलं: “हां, आता चल.”